पोरींचा तास

ते यंत्र आमच्या केंद्रात आलं त्या दिवशी मी त्याच्यापुढे नारळ फोडला. आमच्या कारंजा गावात नवी शिलाई मशीन आली, मोटरपंप आला, तरी नारळ फुटतो. मग याला का नको? माझी मैत्रीण हसून ओरडली, "पानी नको उडवू व माय, सेन्सर आहे थे!"

ती माझी शाळेपासूनची मैत्रीण. खो-खोच्या संघात आम्ही दोघी एकत्र होतो, कॉलेजातही. पाठीवर तिचा हात पडला की मी उठून धावत सुटायचे, कुठे जायचं ते पळता पळता कळायचं. पुढे ती पुण्याला गेली, मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत मोठ्या जागेवर लागली. मी इथेच राहिले. सकाळी एका शाळेत खेळाची शिक्षिका आणि दुपारनंतर युवा केंद्राची देखरेख. केंद्र म्हणजे कापसाच्या बाजाराजवळचा एक लांबट हॉल, दोन कॅरम, पुस्तकांचं एक कपाट आणि समोर धुळीचं मैदान.

मैदान असूनही मुलं खेळत नव्हती, हे माझं जुनं दुखणं होतं. पायऱ्यांवर बसायची, एका मोबाइलभोवती चार डोकी. हाक मारली तर "हाव मॅडम, येतो" म्हणायची आणि मान वर करायची नाहीत. एकदा फोनवर मी तिला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मोबाइल सुटत नाही ना त्यांचा? मग मोबाइलसारखंच काहीतरी देते, पण अंग हलवावं लागेल असं."

तसं ते होतं. एक लॅपटॉप, एक प्रोजेक्टर आणि भिंतीशी ठेवायची वहीएवढी काळी पेटी, तिला पुढे काचेचे दोन डोळे. चालू केलं की समोरच्या भिंतीवर नदी वाहायला लागायची. नदीत दगड. तुम्ही उभे राहिलात की भिंतीवर तुमच्या आकाराची एक निळी बाहुली उभी राहायची आणि दगड आला की तुम्ही खरी उडी मारायची. चुकलात तर धपकन पाण्यात. दुसऱ्या खेळात वरून आंबे पडायचे, ते झेलायचे. तिसऱ्यात फुगे फोडायचे. दोन डाव झाले की धाप लागायची.

पहिले काही दिवस पोट्ट्यांनी हॉल डोक्यावर घेतला. नंबरासाठी मारामाऱ्या झाल्या. मुली दारात उभ्या राहून बघायच्या. मी एकीला पुढे ढकललं. एका हाताने ओढणी धरून तिने दोन-तीन उड्या मारल्या, मागून कोणीतरी शिट्टी वाजवली, ती चपला घालून निघून गेली. त्या दिवशी मी ठरवलं की शाळा सुटल्यावरचा एक तास फक्त मुलींचा. दार आतून बंद. खिडक्यांना जुनी वर्तमानपत्रं चिकटवायची.

मग घरोघर फिरले. मशिदीमागच्या गल्लीतल्या बांगड्यांच्या दुकानदारांकडे गेले, गावाच्या कडेला शेतकऱ्यांच्या घरांत गेले, धान्याच्या अडत्यांकडे गेले. घरं वेगळी होती, प्रश्न तेच होते. दार बंद राहील का? पोरं येतील का? फोटो काढाल का? एका शेतकऱ्याच्या घरी म्हातारबा बाजेवर बसून होते. ते म्हणाले, "माह्या नातीचा फोटो कोनाच्या मोबाइलात दिसला, त मी तुमच्या केंद्राच्या पायरीवर येऊन बसीन. उठनार नाई." मी हसले, म्हटलं, "बसा बाबा, पण तशी वेळ येणार नाही."

मशिदीमागच्या त्या गल्लीत एक शिवणकाम करणाऱ्या बाई राहत. ब्लाउज, बुरखे, शाळेचे गणवेश, सगळं शिवायच्या. कापड आणायला एकट्या अकोल्याला जायच्या. माझे ब्लाउज कितीतरी वर्षांपासून त्यांच्याकडेच. मी त्यांना आपा म्हणते. त्यांची मुलगी आठवीत होती, वयाच्या मानाने अंगाने खूप जड. जिना चढली तरी धापा टाकायची. डॉक्टर म्हणाले होते, हिला चालवा, पळवा. "कुठं चालवू?" आपा मला म्हणाल्या होत्या. "रस्त्यानं पोट्टे नावं ठेवतात. घरात त चार पावलं जागा."

आपा ऐकून खूश झाल्या, पण स्वतः बघितल्याशिवाय मुलीला पाठवणाऱ्या त्या नव्हेत. त्या आल्या तेव्हा नेमकी माझी मैत्रीण पुण्याहून आलेली होती. आपांनी हॉल बघितला, खिडक्या बघितल्या आणि पेटीसमोर उभ्या राहिल्या.

"हे काय व बाई? हे डोये त कॅमेऱ्याचे दिसतात."

"कॅमेराच आहे आपा," मैत्रीण म्हणाली. पुण्यात राहून तिची बोली बदलली होती, पण गावात आली की ती पुन्हा वऱ्हाडी व्हायची. "पन हा फोटो नाई काढत. याले फक्त आकार समजते. हात कुठं हाये, पाय कुठं हाये. चेहरा याले दिसतच नाई."

"अंदर भरून त नाई ठेवत?"

"काहीच नाई ठेवत."

"जबान देता?"

"देली," असं म्हणून मैत्रिणीने आपांचा हात हातात घेतला.

आपांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून मुलगी येऊ लागली.

पहिले काही दिवस ती भिंतीला टेकून बसायची आणि बाकीच्यांच्या ओढण्या सांभाळायची. मी तिला पुढे ढकललं नाही. मग एकदा फुग्यांच्या खेळात एक जोडीदार कमी पडली आणि मुलींनीच तिला ओढलं. फुगे फोडायला पाय फार लागत नाहीत. हात चालतात. तिचे हात भलतेच चपळ निघाले. आईच्या मशीनशी बसून कापड सरकवण्याची सवय असेल. त्यानंतर ती नदीत उतरली. पहिल्या उडीला धपकन पडली, दुसरीलाही. भिंतीवर पाणी उडालं आणि ती पोट धरून हसायला लागली. मी तिला तोवर हसताना बघितलं नव्हतं. पावसाळा संपता संपता ती पलीकडच्या काठाला पोचली. दोन्ही हात वर करून उभी राहिली, केस सुटलेले, तोंड उघडं, श्वास मावत नव्हता. बाकीच्या मुलींनी तिला गराडा घातला.

आपा तिला न्यायला यायच्या आणि दारापाशी थांबायच्या. एक दिवस त्यांनी बुरखा काढून खिळ्याला अडकवला, दुपट्टा कमरेला बांधला आणि म्हणाल्या, "थे आंब्यायचं लावा." आंबे सटासट पडायला लागले. आपा डावीकडे, आपा उजवीकडे. मुली ओरडून ओरडून आंबे दाखवत होत्या. शेवटी त्या खालीच बसल्या. "माय व, कंबर गेली माही! शादीच्या आंधी लंगडीत मले कोनी धरत नव्हतं." त्यांचं ते हसू आणि मुलींच्या टाळ्या ऐकून मला वाटलं, नोकरीत इतकी वर्षं घालवली ती यासाठीच.

हे सगळं मी कोणाला सांगणार? मैत्रिणीलाच. दर दोन-तीन दिवसांनी तिचा निरोप यायचा, "सांग ना, आज काय झालं?" मला फोनवर पटपट लिहिता येत नाही, म्हणून घरी जाताना मी बोलूनच पाठवायचे. नदी पार केल्याचं सांगितलं. आपांच्या लंगडीचं सांगितलं. एकदा तास संपल्यावर ती मुलगी माझ्याजवळ पायरीवर बसली होती. वर्गात तिला डब्बा म्हणतात, म्हणून ती मधल्या सुट्टीत डबा उघडतच नाही, आईला कळू नये म्हणून जेवण गाईला टाकते, हे तिने मला खाली बघत सांगितलं होतं. तेही मी मैत्रिणीला सांगितलं. सांगताना माझा गळा दाटून आला होता. तिचं उत्तर आलं, "तू लय छान सांगतं व."

हिवाळ्यात तिचा फोन आला. वाशिमला मोठा कार्यक्रम होता. संस्था जिल्ह्यातल्या आणखी केंद्रांना असे खेळ देणार होती. "तुले यावंच लागन. तुझा सत्कार आहे. अजून एक गंमत आहे, थे आल्यावर." आपांना सांगितलं तर त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवून माझा ब्लाउज शिवून दिला. मी सकाळी मंगरूळपीरवरून जाणाऱ्या एसटीत बसले. मनात भाषणाची दोन वाक्यं घोकत होते.

सभागृह भरलेलं होतं. मला दुसऱ्या रांगेत बसवलं. भाषणं झाली, दिवे मंद झाले आणि पडद्यावर आमचा हॉल आला. आमचीच खिडकी, तिच्यावरची वर्तमानपत्रं. मला आनंदच झाला. वाटलं, रिकाम्या हॉलचे फोटो घेऊन गेली असेल.

मग मुली आल्या. समोरून. अगदी भिंतीतून कोणीतरी त्यांच्याकडे बघत असावं तशा. निळ्या बाहुल्या नव्हत्या त्या, आमच्या मुली होत्या. चेहरा न् चेहरा ओळखू येत होता. मागे खिळ्यांवर त्यांच्या ओढण्या लटकत होत्या. आपांची मुलगी उडी मारत होती, हळूहळू, लांबवून दाखवलेली उडी, अंगाचं सगळं हलणं दिसेल अशी. आणि त्यावर एक आवाज सुरू झाला.

"वर्गात तिला डब्बा म्हणतात..."

आवाज माझा होता.

मी घरी जाताना चालत चालत बोलले होते, तोच. मधे गळा दाटलेला, तोही तसाच ठेवला होता. जेवण गाईला टाकण्याचं सगळं त्यात होतं. मग आपा आल्या, कमरेला दुपट्टा, खाली बसून हसणाऱ्या, आणि खाली अक्षरं उमटली की या बायकांनी आजवर घराचा उंबरठा ओलांडला नव्हता. एकटीने अकोल्याहून कापडाचे गठ्ठे आणणारी बाई ती.

टाळ्या सुरू झाल्या. शेजारच्या बाई डोळे पुसत होत्या. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ मागे वळून म्हणाले, "आवाज तुमचाच ना मॅडम? फार मनापासून बोललात."

मी उठले. मैत्रीण मंचाच्या बाजूला, पाण्याच्या जारपाशी उभी होती. मला बघून तिने हात पसरले. तिला वाटलं, मी मिठी मारायला आले.

"हे कुठून आलं?" मी विचारलं.

"आवडलं?"

"कुठून आलं थे सांग."

तिने हात खाली घेतले आणि तिची भाषा बदलली. "अगं, सिस्टीममध्ये रेकॉर्डिंग असतंच. ते आम्हाला लागतं, काम दाखवायला."

"कधीपासून चालू होतं?"

तिने जारखाली ग्लास धरला.

"आपा त्याच्यासमोर उभी राहून तुले विचारून राह्यली होती, तवाही चालू होतं?"

"तू आत्ता चिडलीयेस. नंतर बोलू."

"चालू होतं का नाई?"

"हो," ती म्हणाली. "पण बघ ना, किती सुंदर दिसतात त्या! लोक रडत होते तिथे. नुसत्या अहवालाने कोणी हलत नाही गं, चेहरे लागतात. याच्यामुळे आणखी शंभर मुलींना खेळायला मिळेल."

"मले सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"हाव. नाहीच म्हटलं असतं."

"म्हणूनच नाही सांगितलं."

हे ती अगदी साधेपणाने म्हणाली. मग मी माझ्या आवाजाबद्दल विचारलं. "ते तर तूच पाठवलं होतंस मला," ती म्हणाली. चेहरे पुसट करायचे राहून गेले, ते आज करून घेते, असंही म्हणाली. पण सकाळीच तो व्हिडिओ सगळीकडे टाकून झाला होता.

मी बाहेर पडले तेव्हा मागून माईकवर माझं नाव पुकारत होते. परत एकदा पुकारलं. मी रस्ता ओलांडून स्टँडकडे चालू लागले.

एसटीत आपांना फोन लावत राहिले. त्यांनी उचलला नाही. मला आधी पोचायचं होतं, दुसऱ्या कोणी दाखवण्याआधी मीच सांगायचं होतं. कारंजात उतरले आणि घरी न जाता थेट गल्लीत गेले. लांबूनच कळलं. दिवसाउजेडी आपांचं मशीन बंद असं मी कधी ऐकलं नव्हतं.

त्यांचे मालक दारात आले. बांगड्यांचं दुकान आहे त्यांचं, शांत माणूस. "बसा मॅडम," म्हणाले आणि स्वतः खुर्ची आणून दिली. त्या खुर्चीपेक्षा त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी सगळं सांगितलं. कसं झालं, मला कसं ठाऊक नव्हतं.

"आवाज तुमचा आहे," ते म्हणाले, "अन् तुमाले मालूम नव्हतं?"

मी फोन पुढे केला. मैत्रिणीला पाठवलेले निरोप दाखवते म्हटलं. त्यांनी फोन हातात घेतला नाही.

आपा आतल्या खोलीच्या चौकटीशी उभ्या होत्या. डोळे सुजलेले. त्या म्हणाल्या, "त्या बाईच्या जबानीचं मले काही वाटत नाई. थे पुन्याची. आज आली, उद्या गेली. पन तवा म्या तुमच्याकडं पाह्यलं होतं. तुमी मान हलवली."

"मले खरंच माहीत नव्हतं आपा."

"नसन," त्या म्हणाल्या. "तुमी सांगाले आल्या, हे बरं केलं. पन पोरगी आता येनार नाई."

मुलगी मला दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्र उघडायला गेले तर पायरीवर म्हातारबा बसलेले. काठी मांडीवर आडवी. मी चहा आणला, तो त्यांनी घेतला नाही. पाणीही नाही. मी समोर उभी राहिले, मग त्यांच्याजवळ पायरीवर बसले. येणारे-जाणारे बघत होते. उन्हं डोक्यावर आली तेव्हा त्यांचा मुलगा येऊन त्यांना हाताला धरून घेऊन गेला.

व्हिडिओ काढून टाका म्हणून मी मैत्रिणीच्या मागे लागले. काढला, आणि त्याच्या जागी पुसट चेहऱ्यांचा दुसरा टाकला. पण पहिला तोवर गावातल्या फोनांत पोचला होता. मैदानावरचे पोट्टे माझ्या आवाजाची नक्कल करून "वर्गात तिला डब्बा म्हणतात" असं एकमेकांना म्हणायचे. आमच्या विश्वस्तांना मात्र सगळं फार आवडलं होतं. "जिल्ह्यात नाव झालं केंद्राचं," अध्यक्ष म्हणाले. "तुम्ही उगाच मनाला लावून घेता." मी त्यांना सांगितलं, एकतर ती पेटी राहील, नाहीतर मी. खूप कुरकुर करून ते तयार झाले.

पेटी न्यायला मैत्रीण स्वतः आली. गाडीतून उतरून माझ्या खांद्यावर हात ठेवत म्हणाली, "अजून रागावून हाये काय व?"

"तू माह्यासंग पुन्याचंच बोल," मी म्हटलं. "थे बरं वाटते."

तिचे डोळे भरले. यंदा काही दाखवता आलं नसतं तर संस्थेने हे कामच बंद केलं असतं, असं ती सांगत राहिली. ते खरं असेल. ती रडली तेही खरंच होतं, मी तिला लहानपणापासून ओळखते. पण आपांचा हात हातात घेऊन ती बोलली तेव्हाही मी तिला तितकीच ओळखत होते. मी वायरी गुंडाळून खोक्यात ठेवल्या आणि खोकं गाडीत नेऊन दिलं. त्यानंतर आम्ही बोललेलो नाही.

यंत्र जऊळक्याकडच्या एका शाळेत गेलं. मी तिथल्या सरांना फोन करून कॅमेऱ्याचं सांगितलं. ते म्हणाले, "आमच्या पोरांना तर व्हिडिओ पाहिजेच आहे मॅडम. मलाच विचारतात, आमचा कधी काढता."

मुलींचा तास मी बंद केला नाही. दोरीच्या उड्या आणल्या, हॉलमध्ये लंगडीचं रिंगण आखलं. अडत्याच्या दोघी मुली काही दिवस आल्या. मग त्यांच्या परीक्षा आल्या. आता त्या वेळी हॉलमध्ये मोठी पोरं कॅरम खेळतात.

उन्हाळा लागता लागता आपांची मुलगी मला शाळेच्या रस्त्यावर भेटली. सोबत दोघी-तिघी मैत्रिणी होत्या. मला बघून तिने त्यांना पुढे जायला सांगितलं आणि ती थांबली. मला वाटलं, ती त्या व्हिडिओचं विचारणार. त्याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. किती जणांना देऊन झालं होतं.

"मॅडम, एक विचारू?"

"विचार ना."

"डब्ब्याचं मी तुमालेच सांगतलं होतं. अम्मीले पन नाई. तुमी त्या मॅडमले कायले सांगतलं?"

"माझी मैत्रीण होती ती," मी म्हटलं. "जुनी."

तिने थोडा विचार केला. माझं म्हणणं तिला पटतंय का, हे तिच्या चेहऱ्यावरून कळेना.

"माह्या त तुमीच होत्या," ती म्हणाली. रागाने नाही, जसं असतं तसं सांगावं, तशी.

मी काही बोलणार तेवढ्यात "येतो मॅडम," म्हणून ती वळली. तिच्या मैत्रिणी कोपऱ्यावर पोचल्या होत्या. त्यांना गाठायला ती पळाली नाही. दप्तर सावरत, रस्त्याच्या कडेने चालत गेली, आणि त्या तिच्यासाठी थांबून राहिल्या.